‘नेहमीचंच ना?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ५४ वर्षांच्या आहेत. घरी आता त्या आणि त्यांचे पती, दोघंच. घरापासून चालत दहा मिनिटांवर दहा-बारा टेबलांचं एक छोटं रेस्टॉरंट आहे. गेली ११ वर्षं दर शनिवारी रात्री दोघं तिथे जेवतात. मालक त्यांच्यापुढे मेन्यू ठेवत नाहीत, फक्त ‘नेहमीचंच ना?’ असं विचारतात. गेल्या पाच-सहा महिन्यांत तिथलं जेवण बिघडलं आहे असं त्यांना वाटतं. पदार्थ खारट आणि तेलकट लागतात, आणि गेल्या महिन्यात दोनदा ताट कोमटच आलं. याच काळात पतींना रक्तदाबाची गोळी सुरू झाली, म्हणून घरात मीठ कमी झालं. पतींच्या कामाची वेळ बदलल्यामुळे पूर्वी साडेसातला जायचे ते आता साडेनऊला जातात. पती म्हणतात, ‘त्यांना वाईट वाटेल, बोलू नकोस, हळूहळू जाणं कमी करू.’ मुलगी म्हणते, ‘ऑनलाइन रिव्ह्यू टाक, आपोआप सुधारतील.’ त्या लिहितात: ‘मी अर्धं ताट तसंच ठेवून उठते आणि दारात त्यांना सांगते, छान होतं. घरी येईपर्यंत मला स्वतःचीच चीड येते. सांगितलं तर नातं तुटेल, नाही सांगितलं तर हे असंच चालू राहील. काय करू?’

ताई,

तुमच्या पत्रातलं ते अर्ध्या ताटाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अर्धं ताट तसंच ठेवून उठायचं आणि दारात ‘छान होतं’ म्हणायचं. तुम्ही लिहिता की आपण गप्प बसतो. पण तुम्ही गप्प कुठे बसताय? मालकांच्या बाजूनं बघा. ११ वर्षं येणारं माणूस दर शनिवारी स्वतःहून सांगतंय की जेवण छान होतं. ते का शंका घेतील? स्वयंपाकघरात कुणी ‘आज जरा जास्त झालं का हो?’ म्हणालंच, तर ते कदाचित तुमचाच दाखला देत असतील. म्हणजे बोलावं की बोलू नये हा प्रश्न मागेच पडला. तुम्ही बोलताच आहात, फक्त मनात आहे त्याच्या उलट.

मात्र त्यांना खरं सांगायला जाण्याआधी खरं काय आहे ते आपण नीट पाहू. ‘जेवण बिघडलंय’ या एका शब्दात तुम्ही तीन तक्रारी बांधल्या आहेत, आणि त्या तिघींची कारणं वेगवेगळी असू शकतात.

आधी मीठ. घरात मीठ कमी झालं की जीभ बदलते. हे निव्वळ मनाचे खेळ नाहीत. १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही तरुण माणसांनी पाच महिने आहारातलं सोडियम कमी केलं. त्यानंतर त्यांना पूर्वीपेक्षा कमी खारट पदार्थच जास्त आवडू लागले. तुमचंही सहा महिन्यांत असंच झालं असणं अगदी शक्य आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ खावं, आणि त्यात सकाळपासूनचं सगळं आलं. तुम्ही घरी त्याच्या जवळपास आला असाल, तर बाहेरचं पहिल्यासारखंच जेवण आता खारट लागणार. ताडून पाहायचं असेल तर एका शनिवारी अशा कुणाला सोबत न्या ज्यांच्या घरी मीठ होतं तेवढंच आहे. आधी काही सांगू नका. दोन घास झाल्यावर नुसतं विचारा, ‘कसं वाटतंय?’

पण सगळा दोष जिभेलाही देऊन टाकू नका, कारण तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे जी तुम्ही अगदी सहज, जाता जाता लिहिली आहे. तुम्ही पूर्वी साडेसातला जायचात, आता साडेनऊला जाता.

छोट्या स्वयंपाकघरात बरेचसे पदार्थ संध्याकाळी एकदाच मोठ्या पातेल्यात होतात आणि मग मंद आचेवर राहतात. पातेलं दोन-तीन तास गरम राहिलं की पाणी उडत जातं, मीठ आहे तेवढंच राहतं. साडेसातला जो रस बरोबर लागतो तोच साडेनऊला दाट आणि खारट झालेला असतो. तेल वर तरंगतं, आणि घाईच्या वेळी पळी खालपर्यंत जात नाही, वरवरच फिरते. तुमच्या ताटाच्या कडेशी जो तेलाचा पिवळसर थर जमतो असं तुम्ही लिहिलंय, तो कदाचित अशाच वरवरच्या पळीतून आलेला असेल. तेव्हा आचारी बदलला, हात सैल झाला, मालकांचं लक्ष उडालं असं ठरवण्याआधी एकदा पूर्वीच्या वेळेला जाऊन पाहा. पतींना एखाद्या शनिवारी लवकर सुटता येत असेल तर उत्तम, नाहीतर सुट्टीच्या दिवशी जा. साडेसातला सगळं ठीक लागलं, तर तुम्हाला तक्रारीऐवजी माहिती मिळेल, आणि ती मालकांच्या फार उपयोगाची आहे. रात्रीचं शेवटचं गिऱ्हाईक काय खातं हे मालकाला बहुधा माहीतच नसतं.

आता तिसरी गोष्ट, कोमट ताटाची. इथे मात्र जीभ, वेळ, नातं यातलं काहीही मध्ये आणू नका.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं प्रसिद्ध केली. त्यातलं एक सूत्र तापमानाचं आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर हवं किंवा थंड करून ५ च्या खाली हवं, आणि मधल्या तापमानात ते दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. तुमचं कोमट ताट या पट्ट्याच्या अगदी मध्यावर येतं. आता, नुकतंच शिजलेलं ताट वाढप्याची वाट बघत दहा मिनिटं कट्ट्यावर राहिलं म्हणून कोमट झालं असेल, तर तो फक्त ढिसाळपणा. पण दुपारी केलेलं अन्न तसंच बाहेर राहिलं आणि रात्री जरासं ऊन करून वाढलं गेलं, तर तो धोका आहे. टेबलावर बसून या दोन्हींतला फरक वासानं किंवा चवीनं कळत नाही. एक खूण मात्र बघता येते: कडेनं गरम आणि मधे गार असेल, तर ते नीट गरम केलेलं नाही. पुन्हा गरम करताना अन्न मधल्या भागापर्यंत ७० अंशांवर जायला हवं, म्हणजे चमचा घातला की आतूनही वाफ आली पाहिजे. त्या दोन वेळांपैकी कुठल्या वेळी मधे गार होतं का, हे आठवून पाहा.

कोमट ताट आलं तर तिथेच, त्याच मिनिटाला परत करायचं. अर्धं खाऊन नाही, पुढच्या शनिवारी नाही. ‘हे मधे गार आहे, नीट गरम करून द्या’ एवढं वाक्य पुरे. यात मालकांचा अपमान होत नाही. त्याच पातेल्यातलं अन्न शेजारच्या टेबलावर एखाद्या लहान मुलाच्या, गरोदर बाईच्या किंवा सत्तरीतल्या आजोबांच्या पुढे जाणार असतं, आणि अशा माणसांना अन्नातून होणारा त्रास जास्त जड जातो. इथे संकोच करण्याचा हक्क आपल्याला नाही असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्या यजमानांचं म्हणणं आता घेऊ. ‘बोलू नको, हळूहळू जाणं कमी करू.’ वरून बघितलं तर हा सगळ्यात सभ्य मार्ग वाटतो. मीही एकदा तोच धरला होता, आणि तो मला अजून टोचतो. आमच्या जुन्या घराजवळ एक छोटी खाणावळवजा जागा होती. पाच-सहा वर्षं आठवड्यातून दोनदा तरी तिथे जेवायचे. मग पाण्याच्या ग्लासांना ओशट वास यायला लागला. दोन-तीनदा मी रुमालानं ग्लास पुसून घेतला, आणि मग जाणंच सोडलं. वर्षभरानं मालक रस्त्यात भेटले. म्हणाले, ‘ताई, तुम्ही दिसतच नाही.’ मी म्हटलं, ‘कामं वाढली हो.’ ते थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, ‘जुने चार-पाच जण एकदमच यायचे थांबले. कुणी काही बोललंच नाही.’ ग्लासांचं तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. पुढे ती जागा बंद झाली. ती ग्लासांमुळेच बंद झाली असं मी म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. पण त्यांनी मला जवळजवळ विचारलंच होतं, आणि मी खोटं बोलले.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९७० साली नेमक्या याच गोष्टीवर एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. एखाद्या ठिकाणचा दर्जा घसरायला लागला की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा बोलणं. हर्शमन दाखवतो की अनेकदा सगळ्यात आधी निघून जातात ते दर्जाची सगळ्यात जास्त पर्वा करणारे, म्हणजे ज्यांचं बोलणं सगळ्यात कामाचं ठरलं असतं तेच. मागे उरतात ते काहीही चालवून घेणारे, आणि मग घसरण रोखायला कुणी उरत नाही. त्याच्या मते आपलेपणाचा उपयोग इथेच होतो, कारण आपलेपणामुळे माणूस लगेच न जाता थांबतो, आणि थांबतो म्हणून बोलतो. ११ वर्षांच्या ओढीनं तुम्ही थांबला आहात. त्या थांबण्याचा उपयोग व्हायचा असेल तर बोलावं लागेल.

मुलीचा सल्ला मी आज तरी बाजूला ठेवीन. ती चुकीची नाही, रिव्ह्यूत ताकद असतेच. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लूका यांनी २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या रेस्टॉरंटांचे आकडे तपासले, तेव्हा ‘येल्प’ या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावरचं रेटिंग एका ताऱ्यानं वाढलं की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं. आणि हा परिणाम ठिकठिकाणी शाखा असलेल्या मोठ्या साखळी-रेस्टॉरंटांवर नव्हता, स्वतंत्र रेस्टॉरंटांवर होता. तारा कमी झाला की फटकाही त्यांनाच बसणार. म्हणून रिव्ह्यू हे अनोळखी माणसाचं साधन आहे. जिथे आपलं नाव, आपली नेहमीची खुर्ची माहीत आहे, तिथे समोर न बोलता आधी चारचौघांत लिहिणं म्हणजे पाठीमागून बोलणं झालं. समोर सांगूनही कोमट अन्नाबद्दल कुणी हात झटकले, तर मात्र तुमच्या भागातल्या अन्नसुरक्षेच्या कार्यालयाला कळवायला कचरू नका. खारट-तेलकटासाठी त्या वाटेला जाऊ नका.

मग सांगायचं कसं? शनिवारी रात्री नाही. शनिवार हा त्यांचा सगळ्यात दमछाकीचा दिवस, आणि गल्ल्यावर चार माणसं उभी असताना कुणालाही काही ऐकून घेणं जमत नाही. मधल्या वारी, दुपारची जेवणं आटोपल्यावर जा. एकट्या गेलात तरी चालेल. वाढणाऱ्या मुलाकडे निरोप देऊ नका. निरोप पोचतो तो त्या मुलाच्या अंगावर, आणि त्याचा यात काही संबंध नसतो. मालकांशीच बोला. गोड बोलून सुरुवात आणि गोड बोलून शेवट करण्याच्या नादात मधली गोष्ट हरवते, म्हणून साधं बोला. ‘दादा, ११ वर्षं येतोय, म्हणून हक्कानं सांगते. गेल्या महिन्यात दोनदा ताट कोमट आलं. आणि आम्ही उशिरा यायला लागल्यापासून खारट-तेलकट जास्त लागतंय. आमच्या घरी मीठ कमी झालंय, तेव्हा खारटपणात आमच्या जिभेचाही वाटा असेल. पण कोमट होतं ते नक्की. इतके दिवस मी छान म्हणत आले, ते चुकलंच माझं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्यांना धक्का बसेल तो तक्रारीचा नसेल, सहा महिन्यांच्या ‘छान’चा असेल.

‘पूर्वी किती छान असायचं!’ हे मात्र बोलू नका. त्याचं ते काय करतील? वार, वेळ, पदार्थ सांगितला तर माणूस स्वयंपाकघरात जाऊन शोधू शकतो. ‘पूर्वीसारखं नाही’ म्हटलं तर त्याच्या हातात नुसतं दुःख येतं. एवढं ऐकून ते म्हणाले की आजचं जेवण आमच्याकडून, तर नको म्हणा आणि पूर्ण पैसे द्या. फुकट जेवलात की पुढचं खरं बोलणं अवघड होतं.

वाईट वाटेल का? थोडं वाटेल. पण कदाचित ते स्वतःच सांगतील की जुना आचारी गेला, किंवा पार्सलच्या ऑर्डरी इतक्या वाढल्या की दहा टेबलांसाठी बांधलेल्या चुलींवर तीस घरांचं जेवण होतंय. समोरची टेबलं रिकामी आणि आतल्या माणसांना श्वास घ्यायला वेळ नाही, हे चित्र आता छोट्या रेस्टॉरंटात सर्रास दिसतं. तसं असेल तर ऐकून घ्या, पण तुमचं म्हणणं मागे घेऊ नका. आणि ते चिडलेच, तर एक-दोन आठवडे जाऊ द्या. पहिल्या दिवशी चिडलेला माणूस तिसऱ्या दिवशी पातेलं उघडून बघतो, असा माझा अनुभव आहे.

आता एक नाजूक गोष्ट. ‘नेहमीचंच ना?’ हे ऐकून तुम्हाला किती बरं वाटतं ते तुमच्या पत्रात जागोजागी दिसतं. पण ते ‘नेहमीचं’ कुणाचं आहे? ४३ वर्षांच्या तुमचं, आणि तेव्हा कसलीही गोळी न घेणाऱ्या तुमच्या यजमानांचं. मालक ते अकरा वर्षं प्रेमानं जपून ठेवताहेत, आणि बदल तुमच्याकडे झालाय. मला राहून राहून वाटतं की यजमान ‘बोलू नकोस’ म्हणतात त्यात मालकांच्या मनापेक्षा स्वतःचा संकोच जास्त असावा. आता मला चालत नाही, हे त्यांना त्या टेबलावर उच्चारायचं नाही. चूक असेन तर सोडून द्या. पण त्यांना एकदा घरी, जेवणाचा विषय नसताना, हळूच विचारून बघा.

त्यांचं तसंच काही निघालं तर वाट सोपी आहे. पुढच्या खेपेला ‘आज नेहमीचं नको’ म्हणा आणि मेन्यू मागा. मग विचारा, ऑर्डर दिल्यावर बनतात असे पदार्थ कोणते. ‘मीठ कमी टाका’ ही विनंती अशाच पदार्थांना लागू पडते, संध्याकाळीच तयार झालेल्या पातेल्यातून मीठ कुणी काढू शकत नाही. वरून घालायचं ते वेगळ्या वाटीत मागा. दोघांत एक भरगच्च ताट आणि सोबत काही साधं घेतलं तरी मीठ बरंच आटोक्यात येतं. ऑर्डरनंतर बनलेला पदार्थ गरमच येणार, म्हणजे कोमटाचा प्रश्नही बराचसा मिटला.

ज्यांना एखाद्या ठिकाणी दोन-चारदाच जाणं झालंय त्यांना एवढा खटाटोप करायची गरज नाही. ताट परत करा, नाहीतर पुन्हा जाऊ नका, कुणाचं काही देणं लागत नाही. अॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र जुनं ठिकाण असो की नवं, दर वेळी सांगायचंच. ओळखीच्या जागी तर जास्त आठवणीनं, कारण ‘यांना माहीत आहे’ असं आपण धरून चालतो आणि आत त्या दिवशी नवीन माणूस असतो.

सांगून झाल्यावर किती वाट बघायची? मी म्हणेन, तीन शनिवार. त्यात कोमट ताट पुन्हा आलं तर तिथे जेवणं बंद, मग नातं कितीही जुनं असो. नुसती चव जुळली नाही, तर तुम्हाला तिथे जेवणच हवंय का हेही विचारून बघा. रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये घर आणि कामाची जागा सोडून असलेल्या अशा सवयीच्या जागांना ‘तिसरी जागा’ म्हटलं होतं, जिथे माणूस मुख्यतः गप्पांसाठी जातो. मुलगी दुसरीकडे राहायला गेल्यापासून शनिवारचा तोच एक तास आम्ही दोघं बोलतो, असं तुम्ही लिहिलंय. ते बोलणं घरी जेवून, तिथे नुसतं काही प्यायला जाऊनही होईल. आणि सोडायचंच ठरलं तर गुपचूप सोडू नका. जाऊन सांगा की यापुढे दर शनिवारी जमणार नाही, आणि का जमणार नाही तेही सांगा.

बुधवारी दुपारी जमेल का बघा. यजमान यायला तयार असतील तर दोघं जा. नसतील तर घरून निघताना त्यांना सांगून निघा, म्हणजे शनिवारी ‘नेहमीचंच ना?’ ऐवजी मालकांनी दुसरंच काही विचारलं तर ते गोंधळणार नाहीत.